थोरल्याचं नाक आणि लॅपटॉपची पट्टी

चोर आहात तुम्ही. तोंडावर सांगायचं तर चोरच. कुठल्याशा काचेच्या इमारतीत, थंडगार खोलीत बसून तुम्ही लॅपटॉपच्या कीबोर्डवरची सगळ्यात वरची बटणांची ओळ उचललीत आणि तिच्या जागी बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी बसवलीत. बटण दाबायचं नाही म्हणे, नुसतं बोट टेकवायचं. पट्टीवर चित्रं उजळणार, काम बदललं की चित्रं बदलणार, बोट सरकवलं की अक्षर लहानमोठं होणार. कुणी मागितली होती? आणि एवढा उपद्व्याप करताना एकदा तरी कुणाला विचारलंत का, की बाबा रे, तुझं बोट कसलं आहे?

थोरल्या जावयाचं बोट कसलं होतं ते ऐका.

दुकान पाट्यांचं. दारावरच्या, भिंतीवरच्या, काचेवरच्या, सगळ्या पाट्या. रंगीत, मागून चिकट असलेला कागद, ज्याला धंद्यात सगळे रेडियमच म्हणतात, तो मशीनवर अक्षरांच्या आकारात कापायचा, नको तो भाग ब्लेडच्या टोकानं सोलून काढायचा आणि उरलेली अक्षरं पाटीवर चिकटवायची. दुकान सासऱ्यांचं. त्यांना दोन मुली, दोन जावई. थोरला लग्न झाल्या वर्षापासून इथंच. सोलून सोलून, गोंद पुसून पुसून त्याच्या दहाही बोटांना घट्टे पडलेले. गरम चहाचा पेला तो असा धरायचा की बघणाऱ्याला चटका बसावा. या बोटांचा त्याला अभिमान होता. ब्लेड लागलं तर रक्त येत नसे, ब्लेडचीच धार जात असे.

धाकटा नंतर आला. आधी कुठल्यातरी ऑफिसात होता, ते बंद पडलं, तेव्हा सासऱ्यांनी ठेवून घेतला. इस्त्रीचा शर्ट, बोटं कापसासारखी. बोलायला गोड. थोरल्याला त्याचं सगळंच खुपायचं, पण सगळ्यात जास्त खुपायचं ते हसणं. धाकटा ओठ बंद ठेवून हसायचा. दात दाखवून हसणाऱ्या माणसाशी भांडता येतं, बंद ओठांशी काय भांडणार?

आणि दोघांच्या मधे होती केबिन. दुकानाच्या पुढच्या बाजूला, काचेच्या दाराची, स्वतःचा पंखा असलेली, फिरत्या खुर्चीची. सासरे आता थकले होते. "दिवाळं निघायच्या आत घरी बसावं म्हणतो," असं ते हसत म्हणायचे. "कुणालातरी बसवतो इथं आणि सुटतो." कुणालातरी म्हणजे कुणाला, ते सांगत नव्हते. थोरला दिवसातून कितीतरी वेळा त्या खुर्चीकडे बघायचा. स्वप्नात ती त्याच्याकडे तोंड करून फिरायची.

पट्टीवाला लॅपटॉप धाकट्यानं आणवला. सासऱ्यांना बाजूला घेऊन त्यानं दाखवलं. पाटीतलं अक्षर पडद्यावर, पट्टीवर एक निळी रेघ, रेघेवर बोट. बोट उजवीकडे सरकलं, अक्षर फुगलं. डावीकडे सरकलं, अक्षर बसलं.

"वा!" सासरे म्हणाले. "वा, जावईबापू, वा! काय गुळगुळीत चाललंय!"

थोरला तेव्हा फरशीवर बसून एका बेकरीची पाटी सोलत होता. तो 'वा' त्याच्या कानातून शिरला आणि थेट पोटात जाऊन बसला. इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्याला 'बरं झालंय' म्हटलं होतं, 'चालेल' म्हटलं होतं, एकदा तर 'झकास' सुद्धा म्हटलं होतं. पण 'वा' नाही. आणि इथं एका बोटाला तीन!

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला, पण बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनीच विचारलं, "काय हो, बिनसलंय काही?"

"छे! मला काय होतंय?" थोरला म्हणाला. "माझा आपला जुना कीबोर्ड बरा. फुटक्या बटणांचा. आम्हाला कशाला हवंय नवं? आम्ही जुनेच."

आठवडाभरात त्याच्या टेबलावरही तसाच लॅपटॉप आला. वायरवाला जुना कीबोर्ड भंगाराच्या खोक्यात गेला. थोरल्यानं हात धुतले, पुसले, खुर्ची पुढे ओढली, धाकट्याकडे एक नजर टाकली आणि निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

काही झालं नाही.

त्यानं जोर दिला. मग दुसरं बोट. मग अंगठा. मग एकामागोमाग दहाही बोटं. पट्टी आपली शांत. घट्ट्यांच्या पलीकडे माणूस आहे हे तिला कळतच नव्हतं. त्यानं नख टोचलं, कोपर टेकवलं, मनगट घासलं. कोपरानं भलतंच काहीतरी उजळलं आणि लॅपटॉपनं मोठ्यानं 'टुंग' केलं. धाकट्यानं मान वर केली. ओठ बंदच होते.

"जमतंय ना दादा?"

"न जमायला काय झालं?" थोरला म्हणाला. "मी आपला धूळ पुसतोय."

आणि खोटं वाटू नये म्हणून तो खरंच धूळ फुंकायला खाली वाकला. नाकाचा शेंडा पट्टीला लागला. पट्टी उजळली. अक्षर फुगलं.

नाकाला घट्टे नव्हते!

त्या दिवसापासून थोरला नाकानं काम करू लागला. टेबल त्यानं कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून लावून घेतलं. "उजेड डोळ्यावर येतो," म्हणाला. अक्षर लहानमोठं करायचं झालं की वाकायचं, नाक टेकवायचं आणि मान हळूच डावीउजवीकडे न्यायची. 'सुरू'चं हिरवं चित्रही पट्टीवर, 'थांबवा'चं लाल चित्रही पट्टीवर. पूर्वी थांबवायला कोपऱ्यात एक बटण असायचं. आंधळ्यालाही सापडायचं. आता डोळे तिरळे करून लाल शोधायचं आणि नाकानं नेम धरायचा. कामाचा वेग निम्म्यावर आला, पण हार मानली नाही.

बायकोला मात्र कळायचं ते कळलंच. ती दुकानात मागच्या खोलीत अक्षरं चिकटवायला बसायची, तिच्यासारखी सरळ ओळ कुणाला जमायची नाही.

"अहो, नाकाला काय झालंय?"

"काही नाही. डास चावला."

"रोज? आणि रोज शेंड्यावरच? पत्ता लिहून घेतलाय का त्यानं?"

थोरल्यानं आधी चिडून बघितलं, मग गप्प बसून बघितलं, मग सांगून टाकलं. ती पोट धरून हसली. हसता हसता तिनं आपलं बोट पट्टीला लावलं. तिच्याही बोटांना गोंदाचे घट्टे, तिचंही चाललं नाही. "माझंही घेत नाही ही," ती म्हणाली आणि विषय तिच्यापुरता संपला. "मग सांगा की बाबांना. त्यात काय लाज?"

"आणि साडूभाऊ काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत! तेच तर! नुसते हसतील!"

"मग घासत बसा नाक," ती म्हणाली.

आता इथं गंमत झाली. सासरे केबिनमधून काचेतून बघायचे. त्यांना दिसायचं काय? थोरला टेबलावर ओणवा झालाय, डोकं लॅपटॉपात खुपसलंय, वर बघायचं नाव नाही. एके दिवशी ते बाहेर आले आणि सगळ्यांदेखत धाकट्याला म्हणाले, "बघा जरा. काम करावं तर असं. कसा जीव ओततोय माणूस! शिका काही मोठ्यांकडून."

थोरल्याचं नाक पट्टीवर होतं, तरी त्याला ते आभाळाला टेकल्यासारखं वाटलं. त्या दिवशी तो दोनदा जेवला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर धाकटाही वाकलेला! तसाच ओणवा, तसंच डोकं आत. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. वाकणं त्याचं होतं! नाक त्याचं लाल झालं होतं, मान त्याची आखडली होती आणि हा फुकट वाकून घेतोय! त्यानं आणखी खाली वाकायला सुरुवात केली. धाकटाही आणखी वाकला. गिऱ्हाईक आलं की सासरे काचेतून दोघांकडे बोट दाखवत सांगायचे, "नवीन पद्धत आहे. दोघंही अगदी पारंगत."

मग आली दवाखान्याची ऑर्डर. आणि त्याच सुमाराला आली थोरल्याला सर्दी.

मोठा दवाखाना होता. प्रत्येक दारावर, प्रत्येक वळणावर पाटी. "हे काम नीट झालं की मी सुटलो," सासरे म्हणाले. "मग ठरवून टाकतो, केबिनचं." आणि ते दारं मोजायला दवाखान्यात निघून गेले. दोघा साडूंनी एकमेकांकडे बघितलं आणि वाकले.

थोरल्याकडे 'शांतता राखा' होतं. तळहाताएवढी पाटी, खाटेशेजारी लावायची. रेडियमचा नवाकोरा निळा रोल मशीनवर चढवलेला. थोरल्यानं रुमालानं नाक पुसलं, वाकला, निळ्या रेघेवर शेंडा टेकवला. आणि सर्दीवाल्या नाकाचं जे होतं ते झालं. थेंब पडला.

पाण्याला पट्टी बोट समजते. निळी रेघ झपकन उजव्या टोकाला गेली. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी, त्याला पडदा धूसर. त्याला वाटलं जमलं. त्यानं नाकानं हिरवं दाबलं. मशीन घरघरलं.

घरघरलं ते घरघरतच राहिलं. तळहाताएवढ्या पाटीला असा किती वेळ लागतो? थोरल्यानं मान वळवून बघितलं तर मशीनच्या पुढच्या तोंडातून निळा कागद सतरंजीसारखा बाहेर येत होता. अजून 'शां'सुद्धा पुरा झाला नव्हता. नुसता काना माणसाच्या उंचीचा!

"थांब! थांब!" थोरला ओरडला आणि लालवर बोट दाबलं. बोटाला कोण विचारतो? नाक दाबलं. ओलं नाक. पट्टीला आता चहूकडे बोटंच बोटं दिसू लागली. पडदा काळा झाला. पुन्हा उजळला. आवाज सगळ्यात वर गेला आणि 'टुंग टुंग टुंग' असा सगळ्या दुकानात नगारा सुरू झाला. त्यातच शिंक आली. शिंकेनंतर पट्टीनं जे केलं ते लिहिण्यासारखं नाही.

"साडूभाऊ! अहो साडूभाऊ, थांबवा हे! तुमची बोटं चालतात!"

धाकटा धावत आला. पण त्या ओल्या पट्टीला हात लावेना. एकदा थोरल्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि परत आपल्या टेबलाकडे पळाला. टेबलाखालून, पायांजवळच्या खोक्यातून त्यानं काहीतरी ओढून काढलं. वायर लोंबत होती. धाकट्यानं ती थोरल्याच्या लॅपटॉपला खुपसली आणि डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं.

खट्ट.

मशीन थांबलं. दुकानात अशी शांतता पसरली की पाटीची गरजच उरली नाही.

"माझा कीबोर्ड!" थोरला म्हणाला. फुटलेलं बटण, कडेला गोंदाचा डाग, सगळं ओळखीचं. "भंगारातला! माझा!"

"दादा, हळू," धाकटा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचे ओठ उघडे होते. "माझी पट्टी दुसऱ्याच आठवड्यात मेली. सगळी काळी. सांगायचं तोंड कुठं होतं? मीच आणवली ना. मग खोक्यातला हा उचलला आणि मांडीवर ठेवून चालवतो."

"म्हणजे तुम्ही वाकता ते..."

"मांडीवरचं बटण दिसायला नको? आणि खरं सांगू? तुम्हाला बघून जळायचो. म्हटलं, या माणसाची पट्टी अजून जिवंत कशी? काय देतो तिला खायला?"

थोरल्याला इतका आनंद झाला की त्याला दुसरी शिंक आली. धाकटा जळत होता! त्याच्यावर! इतके दिवस एकट्यानंच जळतोय असं वाटत होतं, आणि समोर तर तेवढाच धूर. त्यानं मोकळेपणानं आपलं नाक कबूल केलं. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसले.

"पण थांबवलं ते मी," धाकटा म्हणाला.

"कीबोर्ड माझा," थोरला म्हणाला.

"थांबवलं मी," मागून आवाज आला. थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, भिंतीशी उभी होती, मशीनच्या मेन स्विचवर बोट ठेवून. जुना, पिवळा पडलेला, खटका असलेला स्विच. "तुम्ही वायर खुपसत होता तेव्हाच बंद केलं. आता हा कागद गुंडाळा आणि माझ्या खोलीत टाका. बाबा येतील."

कागद गुंडाळता गुंडाळता साडूंचा करार झाला. सासरे आले की दोघांनी मिळून सांगायचं. पट्टी चालत नाही, बटणं परत आणा. आधी थोरल्यानं बोलायचं, लगेच धाकट्यानं 'हो ना' म्हणायचं. हातावर हात मारून ठरलं.

सासरे आले. दोघांना केबिनमध्ये बोलावलं, थोरलीलाही. खुर्चीत बसले, एक गिरकी घेतली.

"लॅपटॉपवाल्याचा फोन होता," ते म्हणाले. "म्हणतो, हे पट्टीचं पुढे चालेल की बंद पडेल, कंपनीलाच ठाऊक नाही. आत्ता परत दिले तर बदल्यात बटणवाले देतो. तर मला खरं सांगा. या पट्टीत दम आहे का? ठेवायची की घालवायची?"

थोरल्यानं तोंड उघडलं. 'चालत नाही' हे शब्द जिभेवर तयार होते. तेवढ्यात त्याची नजर धाकट्यावर गेली. धाकट्याचे ओठ बंद होते. भीतीनं असतील, पण बंद होते. आणि थोरल्याच्या मनात आलं, आपण बोललो आणि हा गप्प राहिला तर? 'दादांना जमत नसेल, मला काही त्रास नाही' म्हणाला तर? खुर्ची तर समोरच फिरतेय.

"मला तशी..." थोरला म्हणाला, "मला तशी काही अडचण नाही."

धाकट्यानं त्याच्याकडे असं बघितलं की जणू थोरल्यानं त्याच्या ताटातला घास उचलला. मग गोड आवाजात म्हणाला, "दादांना नाही, तर मला कुठली अडचण? मला तर आता बटणं दाबवतच नाहीत. बोटं दुखतात."

"मी तर डोळे मिटून चालवतो," थोरला म्हणाला.

"मी तर बोलता बोलता चालवतो."

"मला तर दुसऱ्या कशाची सवयच..." इथं थोरल्याला शिंक आली, म्हणून थांबला. नाहीतर आणखी पुढे गेला असता.

सासऱ्यांनी थोरलीकडे बघितलं. "आणि तू गं?"

"बाबा, मला नाही जमत," थोरली म्हणाली. "माझं बोट तिला कळतच नाही. मी आपली भिंतीवरचा खटका दाबते."

सासऱ्यांनी मोठा श्वास सोडला. "मलाही नाही गं कळत," ते म्हणाले. "मी गुपचूप दोनदा हात लावून बघितला. मेलेल्या माशासारखी पडून असते. म्हणून तर विचारत होतो. म्हटलं, दोघांपैकी ज्याला ती जमत नसेल त्याला उगाच मशीनवर कशाला छळा? त्याला इथं आत बसवावं. फोन घ्यायचे, गिऱ्हाईक बघायचं, पट्टीचा संबंध नाही. पण हे दोघं तर उस्ताद निघाले! असल्या माणसांना मशीनवरून उठवायचं म्हणजे मूर्खपणा. तर पोरी, उद्यापासून तूच बस इथं."

मग त्यांनी फोन उचलला. "हां, बोलतोय. नाही नाही, परत नाही द्यायचे. पट्टीच राहू दे. आमचे जावई सोडायला तयार नाहीत. आणि ऐका, पुढचा घेऊ तोही पट्टीवालाच पाठवा. लांब पट्टीचा असला तर बघा."

"वा!" असं ते शेवटी म्हणाले, पण ते थोरलीला, ती खुर्चीत कशी शोभते ते बघून.

आता थोरली केबिनमध्ये बसते. दुपारी ऊन लागतं म्हणून तिनं तो अर्धवट निळा 'शां' काचेला आतून चिकटवून टाकलाय. टाकून कशाला द्यायचा, म्हणाली. त्या अक्षराच्या पोटातल्या फटीतून थोरल्याला खुर्चीची पाठ दिसते आणि गिरकी घेताना तिचा पाय दिसतो. स्वतःच्या बायकोवर जळायची पाळी आली त्याच्यावर. बाहेर दोघे साडू एकाच टेबलाशी वाकलेले असतात, टेबलाखाली एकच जुना कीबोर्ड. सकाळी थोरल्याच्या मांडीवर, दुपारी धाकट्याच्या. वेळ टळली की टेबलाखाली लाथाळी होते आणि वर दोघं पट्टीवर बोटं फिरवल्याचा देखावा करतात. गिऱ्हाईक बघतं आणि म्हणतं, काय सुंदर वस्तू आहे हो, आम्हीही घेतो.

तेव्हा आता तुम्ही सांगा, काचेच्या इमारतीतल्या साहेबांनो. ही पट्टी टिकणार की जाणार, हा प्रश्न आम्हाला विचारू नका. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघून उत्तर देणारी माणसं. तुम्हालाच विचारायचंय, आणि गोलगोल बोलू नका. ज्या टेबलाशी बसून तुम्ही ही पट्टी शोधून काढलीत, त्या टेबलाखाली, तुमच्या मांडीवर, वायरवाला जुना कीबोर्ड आहे की नाही? हो की नाही? एवढं एकच उत्तर द्या.